मामांची हरकत

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एकही छापील मजकूर न वाचता मान्य केला नाही, त्याच्या वतीने आणि त्याच्या नकळत मी एकदा 'मान्य आहे' असे म्हणून टाकले, आणि वर सारे रीतसर झाल्याचे त्याला समोरासमोर सांगितले. ही गोष्ट मी बरीच वर्षे लपवून ठेवली. लपवताना मला किती त्रास झाला हे सांगण्यासाठी मी लिहायला बसलेलो नाही. तो त्रास माझा मीच ओढवून घेतला होता. मला सांगायचे आहे ते त्या माणसाविषयी. ते माझे मामेसासरे, म्हणजे माझ्या पत्नीचे सख्खे मामा. मीही त्यांना मामाच म्हणतो. संगणकाच्या पडद्यावर 'वापराच्या अटी' या नावाखाली जो बारीक अक्षरांतला, पाने-पाने चालणारा मजकूर असतो, तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचणारा माणूस साऱ्या पृथ्वीतलावर एकच झाला, आणि तो पुण्यात सहकारनगरात दुसऱ्या मजल्यावर राहतो, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणू शकतो. ज्या वकिलांनी तो मजकूर लिहिला, त्यांनी तरी तो सलग वाचला असेल की नाही, याची मला शंका आहे.

मामांची ही ओढ संगणकाच्या कितीतरी आधीची. लाँड्रीच्या पावतीमागे, कपड्याचा रंग गेल्यास, कपडा आकसल्यास, जळल्यास अथवा हरवल्यास दुकान जबाबदार नाही, असे छापलेले असते. आपण ती पावती खिशात कोंबून चालू लागतो. मामा ती तिथेच उभे राहून वाचत, आणि चष्म्यावरून पाहत शांतपणे विचारत, "मग दुकान नेमकं कशाला जबाबदार आहे?" लाँड्रीवालाही पुण्यातलाच होता. तो मान वर न करता म्हणाला, "इस्त्रीला. तीसुद्धा शनिवारनंतर." या उत्तरावर मामा इतके प्रसन्न झाले की त्यांनी लाँड्री कायमची तीच धरली, निदान इथे जबाबदारीची हद्द स्पष्ट आहे, असे त्यांचे म्हणणे. एकदा आम्ही मुलाबाळांसह कात्रजला साप पाहायला गेलो होतो. प्रवेशद्वाराशी नियमांचा मोठा फलक होता. आम्ही आत गेलो, नाग पाहिला, अजगर पाहिला, दमून बाहेर आलो, तरी मामा फलकापाशीच उभे. मामी चिडून म्हणाल्या, "अहो, साप बघायचे होते ना?" मामा माझ्या मुलाच्या हातातल्या शेंगांच्या पुडीकडे बोट दाखवून म्हणाले, "सापांनी नियम मोडलेले नाहीत. मोडणारे तुमच्याबरोबर आहेत." मग ते एकटे आत गेले, आणि हात मागे बांधून, काचेपासून सांगितलेले अंतर राखून, एकेक साप सावकाश पाहून आले. आम्ही बाहेर उन्हात त्यांची वाट पाहत होतो.

ही सवय त्यांना नोकरीत लागली. ते इंजिने बनवणाऱ्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात होते. कागदाच्या पुढच्या बाजूला भाव असतो आणि मागच्या बाजूला भांडण, असे ते म्हणत, आणि त्यांची हयात त्या मागच्या बाजूवर गेली. पुढे देशाची दारे उघडली, कारखान्यात परदेशी भागीदार आला, आणि एके दिवशी पन्नाशीच्या आसपासच्या साऱ्यांच्या टेबलावर स्वेच्छानिवृत्तीची योजना येऊन पडली. बहुतेकांनी ती वरवर चाळली आणि सही केली. काहींनी तर स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून. मामांनी मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत ती वाचली आणि व्यवस्थापकांकडे जाऊन दाखवून दिले, की दवाखान्याच्या सवलतीचे वाक्य ज्या पद्धतीने लिहिले आहे, त्या पद्धतीने सवलत उरतच नाही. व्यवस्थापकांनी ते वाक्य दोनदा वाचले, पेन काढले, ओळ खोडली, बाजूला नवी लिहिली आणि आद्याक्षरे केली. ती दुरुस्ती मग सह्या करून मोकळ्या झालेल्यांनाही लागू झाली. त्या दिवसापासून मामांच्या मनात एक श्रद्धा घर करून बसली: कंपनी कितीही मोठी असो, तिच्यात कुठेतरी एक माणूस बसलेला असतो, आणि त्याला नीट शब्दांत सांगितले तर त्याला कळते.

या श्रद्धेला एक दुसरी बाजू होती, आणि ती ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. छापील शब्दाबाबत इतका सावध असलेला हा माणूस तोंडी शब्दावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवी. भोसरीतल्या छोट्या कारखानदारांशी त्यांनी वर्षानुवर्षे केवळ बोलण्यावर व्यवहार केले. छापणारा आपल्या अडचणीच्या वेळी समोर नसतो, म्हणून त्याचे नीट वाचायचे. बोलणारा समोर असतो, म्हणून त्याचे मानायचे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. कोणी समोर बसून काही सांगितले आणि मामांनी त्याचा पुरावा मागितला, असे मी कधी पाहिले नाही.

निवृत्तीनंतर मामांनी संगणक घ्यायचे ठरवले आणि सोबत मला नेले. त्या काळात संगणक बुधवार पेठेत सुटे भाग जोडून मिळे. दुकानातला तरुण भराभर यंत्र जोडून एका तबकडीवरून त्यात प्रणाली भरू लागला. पडद्यावर अटींचे पान आले तसे त्याचे बोट 'आय ॲग्री'कडे धावले, आणि मामांनी त्याचे मनगट धरले. "थांबा. वाचू द्या." तो म्हणाला, "काका, ते कोणी वाचत नाही." मामा म्हणाले, "म्हणूनच इतकं मोकळेपणाने लिहिलेलं असतं." त्यांनी खुर्ची ओढली. मागे गिऱ्हाइके खोळंबली, मालक जेवून परत आला, मी तीनदा बाहेर जाऊन रस्त्यावरची रहदारी पाहून आलो. अखेर मामांनी मान वर केली आणि अत्यंत सौजन्याने त्या तरुणाला म्हणाले, "यात असं लिहिलंय की तुम्ही ही तबकडी मला द्यायचीच नाही. तुमच्याकडे ती आलीच कशी, असाही त्यांचा प्रश्न आहे." त्यानंतर पुष्कळ दिवस तो संगणक मामांच्या घरी रिकाम्या डोक्याने, मामींनी विणलेल्या झाकणाखाली बसून होता. अस्सल तबकडी विकत आणली, तिच्या अटी वाचून झाल्या, तेव्हाच त्यात प्राण आला.

मी त्या वेळी औंधच्या एका लहान कंपनीत होतो. आम्ही लोकांना संकेतस्थळे बनवून देत असू. प्रत्येकाला घाई होती. आपले दुकान जगाच्या नकाशावर आज संध्याकाळपर्यंत दिसले पाहिजे, अशी अनावर घाई. वापराच्या अटींचे पान शेवटी राहून जाई, आणि ते भरण्याची आमची पद्धत सांगायलाही आज संकोच वाटतो. कुठल्या तरी मोठ्या परदेशी संकेतस्थळाचा मजकूर उचलायचा, त्यातले नाव बदलायचे आणि चिकटवायचा. शनिवार पेठेतल्या एका फरसाणवाल्याचे संकेतस्थळ मी असेच पूर्ण केले आणि कौतुकाने मामांना दाखवायला पत्ता दिला. इतर कोणी चिवड्याची चित्रे पाहिली असती. मामांनी पानाच्या तळाशी जाऊन अटी उघडल्या. दुसऱ्या दिवशी मला कार्यालयात त्यांचा फोन आला. "जावईबापू, चकली मऊ निघाली तर दाद मागायला मी कॅलिफोर्नियाला जायचं का?" मला कळेना. त्यांनी मला कलम वाचून दाखवले: सर्व तंटे कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांच्या अधिकारक्षेत्रात राहतील. मी ते बदलून पुणे केले. फरसाणवाल्याची क्षमा मागायला गेलो, तर तो म्हणाला, "राहू द्या की हो कॅलिफोर्निया. गिऱ्हाइकावर वजन पडतं."

या प्रकारावर आमच्या कार्यालयात बरेच हसणे झाले, आणि सर्वांत जास्त मी हसलो. मामा मात्र हसले नव्हते. मला म्हणाले होते, "अहो, कोणीतरी बसून हे लिहिलं असेल. आपलं लिहिलेलं कोणीच वाचत नाही, हे त्याला माहीत असेल. मला त्याची कीव येते. म्हणून मी वाचतो, आणि पटलं नाही तर कळवतो." आणि ते खरोखर कळवत. अमुक कलमातला आशय तमुक कलमाशी विसंगत आहे, असे टपालाने कळवत. उत्तर क्वचित येई. न आले तरी त्यांची तक्रार नसे. माणूस कामात असेल, म्हणत.

अशात मामांच्या मुलीला अमेरिकेत मुलगा झाला. ती एकुलती एक, लग्नानंतर तिकडे गेलेली, आणि प्रसूतीच्या वेळी व्हिसाच्या भानगडीत मामींचे जाणे राहून गेलेले. तिने बाळाची छायाचित्रे एका संकेतस्थळावर ठेवली. ती पाहायची तर तिथे आपल्या नावाने खाते उघडावे लागे, आणि खाते उघडायचे तर अटी मान्य कराव्या लागत. मामांनी त्या छापून घेतल्या आणि हातात पेन्सिल घेऊन वाचायला बसले. जवळजवळ सगळे त्यांना पटले. एका कलमावर पेन्सिल थांबली. कंपनी ही सेवा केव्हाही, कोणतेही कारण न देता बंद करू शकेल आणि तीत साठवलेल्या गोष्टींची कसलीही जबाबदारी घेणार नाही, असे ते कलम होते. "हे कसं चालेल?" मामा म्हणाले. "दुसऱ्याचं सामान ठेवून घ्यायचं आणि एक दिवस दुकानाला कुलूप लावून निघून जायचं? बंद करा, तुमचं दुकान आहे. पण ज्याचं त्याला आधी परत करा." त्यांनी मला इंग्रजीत हरकत सांगितली; त्यांना स्वतःचा ई-मेल नव्हता, कारण ई-मेलच्या अटींवरचा त्यांचा विचार पूर्ण व्हायचा होता. मी ती कार्यालयातून माझ्या पत्त्यावरून पाठवली. उत्तर आल्याशिवाय मान्यता देणार नाही, असे मामांनी जाहीर केले.

उत्तर आले नाही. येणार नाही हे मला पाठवतानाच ठाऊक होते. मामांना सांगण्याचे धैर्य तेव्हाही झाले नाही. बाळ पालथे पडू लागले, बसू लागले. हे सारे मामींना फोनवर कळे. त्या संगणकाच्या खोलीत जाऊन झाकण काढत, पुन्हा घालत. एकदा मी गेलो असता मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाल्या, "तुमच्या त्या कंपनीला म्हणावं, आमच्या ह्यांना काय ते लवकर सांग. पोराला दात येतील आता. बोळकं तरी बघू दे." मी घरी आलो तरी ते शब्द माझ्या मागे आले.

पुढच्या शनिवारी मामा बँकेत गेले असता मी त्यांच्या खुर्चीत बसलो, त्यांच्या नावाने खाते उघडले आणि अटींचे पान आले तसे 'आय ॲग्री' दाबले. मला काही क्षणही लागले नाहीत. मामींना हाक मारली. पडद्यावर वरून खाली, पट्टी-पट्टीने, एक टोपडे, मग दोन डोळे, मग ते बोळके उमटले. मामींनी पदराने आधी पडदा पुसला आणि मग डोळे. जिन्यात मामांच्या चपला वाजल्या, आणि मी उठून दाराशी जाऊन म्हणालो, "मामा, कंपनीचं उत्तर आलं. तुमची हरकत त्यांनी मान्य केली. सेवा बंद करायची झाली तर तुमचं सगळं ते तुम्हाला घरपोच परत देणार."

ते पत्र मागतील, याची मी तयारी ठेवली होती. कार्यालयातला प्रिंटर बिघडल्याचे वाक्यही जुळवले होते. मामांनी चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली. मी आपणहून म्हणालो, "कागद सोमवारी आणतो." ते म्हणाले, "तुम्ही सांगताय ना? मग कागद कशाला?" आणि नातू पाहायला आत गेले.

त्या दिवसापासून माझे स्वास्थ्य गेले. मामा रोज सकाळी तळजाईच्या टेकडीवर फिरायला जात आणि उतरताना कट्ट्यावर समवयस्कांबरोबर बसत. तिथे ते, एका अमेरिकन कंपनीने आपल्या हरकतीवरून कलम कसे बदलले, ही कथा सांगू लागले. बढाई म्हणून नव्हे. आपण सर्वांनी वाचले पाहिजे आणि कळवले पाहिजे, पलीकडे माणूसच असतो, हा त्यांचा मुद्दा होता. रविवारी मीही बरोबर असे. कथा सुरू झाली की मला तहान लागे, बुटाची नाडी सुटे, कुणाला तरी फोन करायचा राहिलेला आठवे. बसून राहावे लागले तर माझा उजवा पाय आपोआप हलू लागे. मामा कथेत खंड न पाडता म्हणत, "जावईबापू, शिलाई मशीन थांबवा." एक निवृत्त प्राध्यापक दर वेळी विचारत, "म्हणजे यांच्यामार्फतच कळलं ना?" आणि साऱ्यांच्या नजरा माझ्याकडे वळत. मी मान हलवत असे. पुढे काहींनी मामांचे ऐकून आपापल्या बँकांना आणि मोबाइल कंपन्यांना कलमनिहाय पत्रे लिहिली. कोणाला उत्तर आले नाही, तेव्हा मामा त्यांना म्हणत, भाषा सौम्य ठेवा. आता ती कथा टेकडीवर सांगितली जात नाही. नव्या कोणी आग्रह केला तर मामा म्हणतात, "तीत दुरुस्ती झाली," आणि विषय बदलतात.

ती कधी झाली ते सांगतो. मामी एका बोटाने टंकलेखन शिकल्या होत्या. नातवाच्या प्रत्येक छायाचित्राखाली त्या रोमन अक्षरांत मराठी शेरा लिहीत. मामा मागे उभे राहून शुद्धलेखन सांगत आणि मामी ते ऐकत नसत. 'कानाला वारा लागतोय, टोपी घाला.' 'हा रंग खुलत नाही.' 'बारीक झालाय, तूपभात देतेस ना?' पहिला वाढदिवस, शाळेचा पहिला दिवस, पडलेले दात, बर्फातली घसरगुंडी, सगळ्यांखाली मामी होत्या. त्या गेल्यावर मामा रोज दुपारी ते पान उघडून बसू लागले. नवी छायाचित्रे मुलगी आता मोबाइलवर पाठवी. मामा जुनीच पाहत, किंबहुना छायाचित्रांखालच्या त्या ओळीच पाहत. मामींना पत्रे लिहायची सवय नव्हती. त्यांनी लिहिलेले असे जगात तेवढेच होते.

आणि कंपनीने सेवा बंद करण्याचे ठरवले. तशी सूचना माझ्या पत्त्यावर आली, कारण खात्याला पत्ता माझा होता. मुदतीनंतर सर्व काही पुसले जाईल, छायाचित्रे सभासदांनी उतरवून घ्यावीत, त्यांखालील शेरे उतरवण्याची सोय नाही, असे त्यात होते. मी सहकारनगरला गेलो, तर मामांना मुलीकडून कळलेच होते. ती काळजीत होती. मामा पूर्ण निश्चिंत. त्यांनी मला मामींचे कपाट उघडून दाखवले. मधला खण रिकामा करून त्यावर स्वच्छ कागद अंथरला होता. "काय ते पाठवतील, इथे ठेवू," ते म्हणाले. "छापून देतील की तबकडीवर? आपण बोलताना ते ठरवायचं राहिलं. शेरे देतील ना, जावईबापू?" मी बघतो म्हणालो आणि चहा न घेता उठलो.

मला एक मार्ग दिसला होता, आणि तो फार सोपा होता. परवलीचा शब्द मीच ठरवलेला होता. एकेक पान जसेच्या तसे साठवायचे, शेऱ्यांसकट छापायचे, छान खोक्यात घालायचे आणि कंपनीकडून आले म्हणून त्या खणात ठेवायचे. मामांचे समाधान झाले असते, कथेला शेवट मिळाला असता, आणि मला कोणी काही विचारले नसते. दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयात दार लावून मी ते करायलाही बसलो. पहिलेच छायाचित्र टोपड्याचे आणि बोळक्याचे. त्याखालचा शेरा मी इतक्या वर्षांत वाचला नव्हता. मामींनी लिहिले होते, 'आमच्या जावईबापूंनी कंपनीशी बोलून दाखवला. देव त्यांचे भले करो.'

मामींना सारे कळले असावे आणि त्यांनी मुकाट्याने संमती दिली असावी, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. तसे धरणे माझ्या सोयीचे होते. अर्धा भार मी त्यांच्यावर ठेवला होता. तो आता एका ओळीत परत आला. मी खिडकीपाशी गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. मग यंत्र बंद करून रिक्षा केली.

मामा वामकुक्षी आटोपून खुर्चीत बसले होते. मी उभ्यानेच सांगितले. कंपनीचे उत्तर कधी आलेच नव्हते. तुमच्या नावाने मान्यता मी दिली. काहीही परत येणार नाही. मामा उठून कपाटापाशी गेले आणि खणातल्या कागदाची मुडपलेली कड हाताने सारखी केली. मग पाठमोरेच म्हणाले, "टेकडीवर लोकांना मी किती वेळा सांगितलं असेल." ते वळले.

"दाबण्यापूर्वी वाचलं होतंत का?"

"नाही," मी म्हणालो.

"म्हणजे मला फसवतानासुद्धा तुम्ही वाचलं नाहीत." त्यांनी चष्मा पुसला. "मुदत कधी संपते?"

"परवा."

"मग बसा."

आम्ही बसलो. एकेक पान उघडायचे, शेऱ्यासकट साठवायचे, पुढे जायचे. इंटरनेटचे जाळे त्या दिवशी मंद होते. प्रत्येक पान सावकाश उतरे. मधल्या वेळात हात रिकामा राहू नये म्हणून की काय, मामांनी कपाटाच्या तळातून अटींची ती जुनी छापील पाने काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "मोठ्याने वाचा." मी वाचू लागलो. ज्या मजकुरावर मी पोट भरत आलो, तो मी त्या दुपारी आयुष्यात पहिल्यांदा सलग वाचला. मामा डोळे मिटून ऐकत. मी घाईने एखादे उपवाक्य गाळले तर डोळे न उघडता ते म्हणत, "एक राहिलं." पडद्यावर टोपी आली, शाळा आली, बर्फ आले, मामी आल्या आणि गेल्या. पेन्सिलीची खूण असलेल्या कलमाशी मी थांबलो.

"वाचा."

मी वाचले. केव्हाही, कोणतेही कारण न देता, कसलीही जबाबदारी नाही.

"पुन्हा."

मी पुन्हा वाचले. मामा म्हणाले, "तसं स्वच्छ लिहिलंय. जे लिहिलं तेच त्यांनी केलं. उलट मुदतही दिली. कंपनीला नावं ठेवायला जागा नाही."

त्यांनी एवढेच म्हटले. पुढचे वाक्य त्यांनी उच्चारले नाही, आणि ते ऐकून घ्यायला मला खोलीत जागा पुरेना. माझा पाय हलू लागला. मामांनी या वेळी शिलाई मशीनचा उल्लेख केला नाही.

सगळी पाने उतरली तेव्हा गॅलरीतले ऊन कठड्यावर चढले होते. पडद्यावर शेवटचा शेरा तसाच होता: 'दात नीट घासतो ना?' मी बोलायला सुरुवात केली. मामींची तगमग पाहवत नव्हती. बाळाचे ते दिवस परत येणार नव्हते. कुणाचे नुकसान करण्याचा हेतू नव्हता. तुम्ही पत्र मागितले असते तर मी तेव्हाच खरे सांगितले असते. त्यामुळे तुम्हाला जर दुःख झाले असेल तर...

मामांनी पेन्सिल उचलली आणि टेबलावर हलकेच आडवी ठेवली.

"जावईबापू, तिचं नाव गाळा. बाळाचं गाळा. मी पत्र मागितलं नाही, तेही गाळा. आणि 'जर' काढा. मग काय उरतं ते सांगा. मी ऐकतोय."

मी मनातल्या मनात एकेक खोडत गेलो. फार थोडे उरले. ते इतके थोडे होते की एवढी वर्षे मी ते बोललो कसा नाही, याचे मलाच नवल वाटले. मी दोन्ही पाय जमिनीवर टेकवले.

"मामा, मी तुमच्याशी खोटं बोललो. मला क्षमा करा."